धुळे शहर आणि पांझरेचे खोरे : एक प्रादेशिक परिचय

प्रस्तावना

उत्तर महाराष्ट्रातील धुळे हे शहर बहुतेक प्रवाशांना वाटेवरचे शहर म्हणून परिचित आहे. मुंबई-आग्रा मार्ग, सुरतेहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारा मार्ग आणि सोलापूरकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. त्यामुळे या शहराचे वर्णन करताना 'महामार्गांचा संगम' हा शब्दप्रयोग हमखास केला जातो. हे वर्णन असत्य नाही, परंतु अपुरे आहे. रस्ते शहराला माणसे आणि माल आणून देतात, पण शहर जगते ते पाण्यावर व भोवतालच्या शेतीवर. धुळ्याच्या बाबतीत हे पाणी व ही शेती म्हणजे पांझरा नदीचे खोरे होय.

प्रस्तुत लेखात धुळे शहर व त्याच्या सभोवतालच्या पश्चिम खानदेशाचा परिचय या नदीच्या अनुषंगाने करून दिला आहे. खोऱ्याची नैसर्गिक घडण, शहराची स्थापना, फड ही पारंपरिक सिंचनव्यवस्था, शहराची ज्ञानपरंपरा व प्रदेशाची बोली आणि अखेरीस नदीवर आज असलेला ताण, या क्रमाने हे विवेचन केले आहे. शहर आणि प्रदेश यांचा विचार वेगवेगळा केल्यास दोहोंचेही आकलन अपुरे राहते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. खोऱ्याची नैसर्गिक घडण

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सह्याद्रीच्या पूर्वेकडे पसरलेल्या डोंगररांगा यांच्या दरम्यान तापी नदीचे लांबट खोरे आहे. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून पश्चिमेस खंभातच्या आखाताला मिळते. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असताना ही नदी पश्चिमवाहिनी आहे. दक्षिणेकडून तिला मिळणाऱ्या नद्यांमध्ये वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई यांचा समावेश होतो.

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात उगम पावते. पिंपळनेर व साक्रीच्या परिसरातून ती पूर्वेकडे वाहत धुळ्यास येते. पुढे उत्तरेकडे वळून ती शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे तापीला मिळते. कान ही तिची प्रमुख उपनदी होय. उगमाकडील भागात पाऊस बरा असतो, परंतु पूर्वेकडे येताना सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रभाव जाणवू लागतो आणि धुळ्याच्या आसपास वार्षिक पर्जन्यमान सामान्यतः साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात राहते. डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी कोरड्या मैदानात आणून देणे हे पांझरेचे कार्य आहे. पाऊस एका ठिकाणी व गरज दुसऱ्या ठिकाणी, ही विसंगती या खोऱ्यातील लोकजीवनाच्या मुळाशी आहे.

भूशास्त्रीय दृष्ट्याही हा प्रदेश वैशिष्ट्यपूर्ण आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाला छेदून जाणाऱ्या भित्तिखडकांच्या रांगा धुळे व नंदुरबार परिसरात मोठ्या संख्येने आढळतात. सपाट माळावर मैलोगणती सरळ रेषेत गेलेल्या या काळ्या दगडी टेकड्या महामार्गावरूनही दिसतात. या भिंती भूगर्भातील पाण्याच्या वहनाला कोठे अडवितात, तर कोठे त्यांतील भेगांमधून पाण्याला वाट मिळते. एका शेतातील विहिरीस भरपूर पाणी आणि शेजारची विहीर कोरडी, या येथील नेहमीच्या अनुभवामागे खडकांची ही रचनाही कारणीभूत असते.

२. शहराची स्थापना व विस्तार

धुळे हे प्राचीन राजधानीचे शहर नाही. खानदेशात राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सत्ताकेंद्रे तापीकाठचे थाळनेर आणि नंतर बऱ्हाणपूर ही होती. धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा मार्गावर असलेला लळिंगचा किल्लाही त्याच काळात महत्त्वाचा होता. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या ताब्यात गेला आणि खानदेश मोगल साम्राज्याचा सुभा बनला. या सर्व काळात पांझरेकाठचे धुळे हे लहान गावच होते.

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाल्यानंतर इंग्रजांनी खानदेशाचा कारभार हाती घेतला. लढाया, लूटमार व दुष्काळ यांमुळे त्या वेळी प्रदेशातील असंख्य गावे उजाड झाली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली आणि १८१९ पासून येथे सरकारी कचेऱ्यांची उभारणी सुरू झाली. व्यापारी व कारागीर यांनी येऊन राहावे म्हणून त्यांना घरांसाठी विनाशुल्क जागा आणि बांधकामासाठी आगाऊ रकमा देण्यात आल्या. त्या सुमारास गावाची लोकसंख्या जेमतेम अडीच हजार होती.

जुन्या गावालगत नवी पेठ आखताना सरळ, समांतर गल्ल्यांची रचना करण्यात आली. आजही या भागातील पत्ते 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असे क्रमांकाने सांगितले जातात. महाराष्ट्रातील जुन्या शहरांत आळी, वाडा, बोळ यांची नावे जात, व्यवसाय अथवा दैवतावरून पडलेली असतात. धुळ्याच्या पेठेत मात्र कागदावरची आखणी गल्लीच्या नावात उतरली आहे. नदीपलीकडील देवपूर व तेथील एकवीरा देवीचे मंदिर, अलीकडील आखीव पेठ आणि जुने धुळे अशी शहराची ठेवण आहे. ती जोडण्याचे आणि वेळप्रसंगी तोडण्याचेही काम नदीने केले आहे. १५ सप्टेंबर १८७२ च्या महापुराने शहराची मोठी हानी केली. ऑगस्ट २०१९ मध्येही पांझरेला मोठा पूर आला होता.

शहराच्या वाढीस रेल्वेने मर्यादाही घातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून भुसावळकडे गेलेला लोहमार्ग चाळीसगाव-जळगावमार्गे गेला, तर सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्याचा मार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या गावांवरून गेला. दोन्ही मार्गांच्या मधल्या पट्ट्यात राहिलेल्या धुळ्यास १९०० मध्ये चाळीसगावपासून निघणारी शाखा मिळाली, पण ती धुळ्यातच संपत होती. जळगावचा कापूस बाजार वाढला व धुळे रस्त्यांवर विसंबून राहिले, त्यामागील एक प्रमुख कारण हे आहे. १९०६ मध्ये खानदेशाची विभागणी होऊन पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, तर पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. २००३ मध्ये धुळे नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ७५ हजार होती. मनमाड-इंदूर या धुळ्यावरून जाणाऱ्या सुमारे ३०९ किलोमीटरच्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. हा मार्ग पूर्ण झाल्यास शतकाहून अधिक काळची उणीव भरून निघेल.

३. फड : पाण्याच्या वाटपाची लोकव्यवस्था

पांझरा खोऱ्याने महाराष्ट्राला दिलेली सर्वांत मौलिक गोष्ट म्हणजे फड पद्धती होय. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांच्या काठी, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, ही सामूहिक सिंचनव्यवस्था विकसित झाली. ती तीन-चारशे वर्षे जुनी मानली जाते.

नदीच्या पात्रात योग्य जागी दगडी बंधारा घालून पाण्याची पातळी उंचावली जाते. बंधाऱ्यापासून निघालेला कालवा अथवा पाट गावाच्या शिवारापर्यंत येतो. काही ठिकाणी त्याची लांबी दोन, तर काही ठिकाणी बारा किलोमीटरपर्यंत आढळते. पाटातून चाऱ्या व चाऱ्यांतून सारंग नावाचे लहान प्रवाह शेतापर्यंत जातात. जादा झालेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीकडे वळविले जाते. या रचनेत पाणी कोठेही उपसावे लागत नाही. ते जमिनीच्या उतारानेच वाहते.

अभियांत्रिकीपेक्षाही महत्त्वाची आहे ती या व्यवस्थेची सामाजिक बाजू. बंधाऱ्याखालील भिजणारी जमीन सामान्यतः चार भागांत वाटलेली असते. यातील प्रत्येक भागास 'फड' म्हणतात. कोणत्या वर्षी कोणता फड भिजवायचा, कोणता पडीत ठेवायचा आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हा निर्णय गाव एकत्रितपणे घेते. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. उसाचा फड पुढच्या काळात अन्य पिकाकडे जातो व जमिनीस विसावा मिळतो. लाभधारकांतून निवडलेली पंचमंडळी या व्यवहारावर देखरेख करतात. पाटाची व पाणी सोडण्याची जबाबदारी पाटकऱ्याकडे आणि पिकांची राखण जागल्याकडे असते. पाटातील गाळ काढणे, फुटलेला बांध सांधणे ही कामे सर्वांनी मिळून करावयाची असतात.

या रचनेचे मर्म जमिनीच्या विभागणीत आहे. एका कुटुंबाची जमीन शक्यतो एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय झाला, तर त्याची झळ एकट्या-दुकट्यास न बसता सर्वांना थोडीथोडी बसते. टंचाईचे वाटप कसे करावे, हा जलव्यवस्थापनातील सर्वांत कठीण प्रश्न या शेतकऱ्यांनी जमिनीच्या रचनेतच सोडविला होता. मुबलकतेच्या वाटपाला फारशी बुद्धी लागत नाही. दुष्काळाच्या वाटपासाठी मात्र परस्परविश्वास आवश्यक असतो.

तथापि, फड पद्धतीचे केवळ गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. या व्यवस्थेत पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला होता. ज्याच्याकडे बंधाऱ्याखाली जमीन नव्हती, त्या भूमिहीन मजुराला वा वरच्या डोंगरातील आदिवासी शेतकऱ्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. म्हणून फडाचा विचार करताना त्यातील सामूहिक शहाणपण आणि त्याच्या सामाजिक मर्यादा या दोहोंची नोंद घेणे अगत्याचे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धती उतरणीस लागली. पिंपळनेरजवळ पांझरेवर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव व पुढे पांझरेवरच अक्कलपाडा अशी धरणे झाल्यानंतर नदीचा प्रवाह शासकीय नियोजनाच्या अधीन झाला. विहिरी व विजेचे पंप आल्यामुळे प्रत्येक शेतकऱ्यास स्वतःचे पाणी मिळू लागले आणि 'एका फडात एकच पीक' हे बंधन जाचक वाटू लागले. बंधारे काही गावांत अद्याप उभे आहेत व पाटही वाहतात, परंतु निर्णय घेणारी पंचांची बैठक अनेक ठिकाणी क्षीण झाली आहे. दगडी बंधारा दुरुस्त करता येतो, पण मोडलेली बैठक पुन्हा बसविणे त्याहून अवघड असते.

४. शहराची ज्ञानपरंपरा व प्रदेशाची बोली

व्यापार व कचेऱ्यांसाठी वसविलेल्या या शहरास विसाव्या शतकात एक वेगळी ओळख लाभली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडमालेचे संपादक इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह जतन करण्यासाठी १९२७ च्या जानेवारीत राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते सांभाळली गेली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. या तिन्ही घटनांत एक समान सूत्र दिसते. जे नष्ट होण्याची शक्यता आहे, ते टिपून ठेवणे आणि जपणे हे या शहराने आपले काम मानले.

मात्र हा जतनाचा प्रयत्न प्रामुख्याने दप्तरे, पोथ्या व प्रमाण मराठीपुरता राहिला. शहराच्या बाहेर पडताच कानी येणारी अहिराणी त्या मानाने उपेक्षित राहिली. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांच्या खंडात केला, तर मराठीतील अनेक अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. जनगणनेत मात्र 'खानदेशी' ही स्वतंत्र भाषा म्हणून नोंदविली जाते. २००१ मध्ये तिच्या भाषकांची संख्या सुमारे २० लाख ७५ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार इतकी नोंदविली गेली. ही घट प्रत्यक्ष भाषकांची आहे की मातृभाषा सांगताना 'मराठी' असे नोंदविण्याच्या प्रवृत्तीची आहे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. श्रावणात घरोघरी बसविली जाणारी कानबाई, तिच्या रोटांसाठी परगावाहून, अगदी सुरतेहूनही परतणारी भाऊबंदकी आणि त्या वेळची गाणी हे या भाषेचे जिवंत क्षेत्र आहे. सातपुड्याच्या बाजूस पावरा व भिल्ल, तर साक्रीच्या पश्चिमेस कोकणी व मावची समाजाच्या बोली आहेत. शहरातील पेठेत मराठी, अहिराणी, मारवाडी, गुजराती व उर्दू शेजारी शेजारी नांदतात.

भाषा आणि पाणी हे विषय वरकरणी भिन्न वाटतात. परंतु फडाची व्यवस्था ज्या शब्दांत चालत होती ते शब्द लोकांच्या बोलण्यात होते, पुस्तकांत नव्हते. पाटकरी उरला नाही की पाटाशी निगडित शब्दही उरत नाहीत.

५. नदीवरील ताण व नवे प्रयोग

धुळे शहराची तहान भागविण्यासाठी नकाणे व डेडरगाव तलाव, तापी नदीवरील योजना आणि अक्कलपाडा धरण यांचा आधार घ्यावा लागला आहे. लोकसंख्या वाढत असताना शहरातील अनेक वस्त्यांनी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येणारे नळाचे पाणी साठवून संसार चालविला. शहराची ही गरज न्याय्य आहे. परंतु पांझरेतून शहरासाठी घेतलेला पाण्याचा प्रत्येक वाटा हा कोणत्या ना कोणत्या फडाच्या, विहिरीच्या वा नदीच्या स्वतःच्या प्रवाहाच्या हिश्श्यातून येतो. पूर्वी टंचाईचा निर्णय पाणी वापरणाऱ्या लोकांच्या बैठकीत होत असे. आज शहर व खोरे यांना एकत्र बसविणारी तशी बैठक नाही. सांडपाणी व कचरा यांमुळे शहराच्या खालच्या बाजूस नदी ज्या अवस्थेत पुढे जाते, त्याचा भार मुडावदपर्यंतच्या गावांवर पडतो.

अशा परिस्थितीत जिल्ह्यात दोन भिन्न प्रकारचे प्रयोग झाले, त्यांचा उल्लेख आवश्यक आहे. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाल्यांचे खोलीकरण, रुंदीकरण व सिमेंट बंधाऱ्यांची कामे झाली. 'शिरपूर पॅटर्न' या नावाने ती राज्यभर चर्चिली गेली. विहिरींची पातळी वाढल्याचे तिचे समर्थक दाखवून देतात. अतिखोलीकरणाने भूजलाच्या नैसर्गिक रचनेस बाधा पोहोचते व प्रत्येक भूरचनेस हा उपाय लागू पडत नाही, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला आहे. दुसरा प्रयोग साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याचा आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने तेथील ग्रामस्थांनी १९९० च्या दशकापासून जंगलतोडीवर स्वतःहून बंधने घातली, राखणीची पाळी लावली व जलसंधारणाची कामे केली. उजाड झालेले शेकडो एकर वन त्यामुळे पुन्हा उभे राहिले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

पहिला प्रयोग तंत्रावर व दुसरा गावाच्या नियमांवर भर देणारा आहे. बारीपाड्याची रीत फडाच्या परंपरेशी आपोआप नाते सांगते. सर्वांनी मिळून ठरविलेले बंधन, ते पाळण्यासाठी नेमलेली राखण आणि लाभाचा वाटा ही तीच त्रिसूत्री तेथे जंगलाला लागू झाली आहे. शिवाय फडाच्या व्यवस्थेत ज्यांना स्थान नव्हते, अशा डोंगरातील समाजाने ती आपल्या बळावर उभी केली, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

निष्कर्ष

१. धुळे शहराची जागा व आखणी प्रशासकीय निर्णयातून ठरली असली, तरी त्याचे अस्तित्व पांझरा खोऱ्याच्या पाण्यावर व शेतीवर अवलंबून राहिले आहे.

२. फड पद्धती ही केवळ सिंचनाची रीत नसून टंचाईचे न्याय्य वाटप करणारी सामाजिक संस्था आहे. मात्र भूमिहीनांना व उगमाकडील समाजांना तिने सामावून घेतले नव्हते.

३. धरणे, विहिरी व शहरी मागणी यांमुळे पाण्याची उपलब्धता बदलली, परंतु शहर व खोरे यांच्यात वाटपाचा निर्णय करणारी नवी लोकव्यवस्था निर्माण झाली नाही.

४. फडाचे ज्ञान व अहिराणीतील शब्दसंपदा यांचा ऱ्हास परस्परांशी निगडित असून त्यांचे एकत्रित जतन होणे आवश्यक आहे.

समारोप

धुळे हे महामार्गांचे शहर आहे, तसेच ते एका लहान नदीचे शहर आहे. रस्त्यांची मोजणी शासनाकडे असते, पण नदीचे व्यवहार गावोगावच्या वृद्धांच्या स्मरणात व पंचांच्या जुन्या वह्यांत आहेत. राजवाडे यांनी दारोदार हिंडून दप्तरे गोळा केली, तेव्हा त्या कागदांचे मोल ते बाळगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. फडाच्या वह्यांची व पाटकऱ्यांच्या आठवणींची आज तशीच स्थिती आहे. भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विषयांच्या विभागांनी आपल्या महाविद्यालयाच्या परिसरातील एकेक बंधारा अभ्यासासाठी घेतला, त्याचा नकाशा, नियम, हिशेब व शब्द नोंदविले, तर हे काम विद्यार्थ्यांच्या हातून होऊ शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती ही माणसे हयात असेपर्यंत त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची.